बाबाजी घाडी, टेक्निकल एक्स्पर्ट

शारजात रोल्लातल्या आमच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत अकरा माणसं राहायची. त्यांच्यात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस म्हणजे बाबाजी घाडी. गाव कणकवलीच्या पुढं, वय चव्वेचाळीस, धंदा शटरिंगचा. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्यांचा आणि टेकूंचा साचा बांधतात ना, तो बांधायचा. काँक्रीट धरलं की तोच साचा ठोकून ठोकून मोडायचा आणि वरच्या मजल्यावर पुन्हा नव्यानं बांधायचा. आठ वर्षं हेच. पंधरा दिवसांपूर्वी केलेलं काम आपल्याच हातानं मोडणारा माणूस त्यावर बोलणार तरी काय?

तर असा हा माणूस नव्व्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये, सकाळी सात वाजता, भर साइटवर खोटं बोलला. तेही तोंड न उघडता.

त्यांच्या कंपनीचे मालक यूनुस सेठ, हैदराबादचे. अंग आडवं, आवाज उभा. ते साइटवर आले आणि म्हणाले, "इंडस्ट्रियल एरिया में फर्निचर का वर्कशॉप खोल रहा हूँ. तुम लोगों में फर्निचर का काम किसको आता है?"

बाबाजींचा हात वर गेला. तो कोणी वर केला हे बाबाजींना पुढं कितीही विचारलं तरी नीट सांगता आलं नाही.

खरं कारण त्यांच्याच खोलीतल्या सुदेशला ठाऊक होतं, आणि सुदेशला ठाऊक म्हणजे यथावकाश आम्हा सगळ्यांना. आदल्या ऑगस्टमध्ये पाचव्या मजल्याच्या स्लॅबवर भर दुपारी बाबाजींच्या डोळ्यांपुढं काळोख आला आणि ते सळ्यांवर आडवे झाले. सुदेश एका ऑफिसात ड्रायव्हर. त्यानंच त्यांना गाडीत घालून क्लिनिकला नेलं. डॉक्टर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात हा माणूस उन्हात उभा राहिला, तर घरी जाईल. पण कसा जाईल ते मी सांगू शकत नाही." बाबाजींनी साइटवर सांगितलं की ताप होता. गावी बायकोला, ठकुबाईंना, सांगितलं की जिन्यावर पाय घसरला. सेठला खरं कळलं असतं तर पुढच्याच विमानात बसवलं असतं, आणि गावच्या घराच्या भिंती तर अजून उघड्याच उभ्या होत्या. आता एप्रिल चालू होता. जून येऊन ठेपायच्या आत बाबाजींना डोक्यावर काहीतरी हवं होतं.

"पण तात्या," सुदेशनं त्या संध्याकाळी विचारलं, "तुम्ही फर्निचर कधी केलंत?"

"एक पाट केलेला."

"कधी?"

"थोरल्या मेव्हण्याच्या लग्नात."

"मग?"

"नवरा बसला तेव्हा मोडला नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मी गावात नव्हतो."

दोन्ही खोल्यांतले दहाही जण उशांत तोंडं खुपसून हसले. बाबाजी मात्र खिडकीबाहेर बघत बसले. तेवढ्यात नातूर वर आला, म्हणजे बिल्डिंगीचा रखवालदार. सेठचा फोन होता: मंगळवारी दुबईत ट्रेड सेंटरला लाकूडकामाच्या मशिनरीचं प्रदर्शन आहे, बाबाजींनी चांगले कपडे घालून तयार राहावं, मशीन त्यांनीच पसंत करायचं आहे.

हे ऐकून हसणाऱ्यांनी उशा बाजूला ठेवल्या.

सुदेशनं आपला क्रीम शर्ट दिला. तो पोटावर इतका ताणला की बाबाजींना अर्धाच श्वास घेता येईना. वर सल्लाही दिला. "तात्या, कोणी काही विचारलं तर मान हलवायची आणि म्हणायचं, 'सर्विस कैसा है?' आमचा मॅनेजर विमान घ्यायला गेला तरी एवढंच विचारील."

मंगळवारी सेठनं पिकअप ट्रेड सेंटरला लावली. दारात एका मुलीनं कॉम्प्युटरवर नावं घेतली. सेठनं सांगितलं, "ये हमारे टेक्निकल एक्स्पर्ट हैं." मशिनीतून टरटर करत कार्ड बाहेर आलं आणि ते बाबाजींच्या गळ्यात पडलं. बाबाजींना त्यावरचं आपलं नाव तेवढं वाचता आलं. पुढं काय लिहिलंय ते चांगलंच असावं, कारण त्या क्षणापासून दिसेल तो टायवाला माणूस त्यांना 'सर' म्हणायला लागला.

आत इतकी थंडी की बाबाजींच्या अंगावर काटा आला. अंगावर काटा आला आणि वर कोणी सर म्हटलं, हे दोन्ही एकदम त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या मशिनी, एकेक मशीन एसटीएवढी. करवतीचा आवाज नाही, नुसता वारा कोंडल्यासारखा सूं सूं आवाज. भुसा म्हणाल तर चिमूटभर नाही. जाडजूड पाइप तो जन्मायच्या आत गिळून टाकत होते. बाबाजी लाकडाचा वास शोधत नाक वर करून दोन रांगा फिरले. वास आला तो कॉफीचा आणि बायकांच्या सेंटचा. शेवटी एका ठिकाणी सागाची फळी दिसली. ओळखीचं माणूस भेटल्यासारखे ते तिच्याकडं धावले आणि त्यांनी तिच्यावर हात फिरवला. फळीवर सागाच्या रेषा होत्या, पण हाताला लागेनात. तो कागद होता. भुशाच्या फळीवर सागाचा फोटो चिकटवलेला.

"ओरिजिनल लगता है ना, सर?" तिथला माणूस अभिमानानं म्हणाला.

"सर्विस कैसा है?" बाबाजी म्हणाले.

त्या माणसानं पंधरा मिनिटं सर्विस सांगितली आणि हातात पिशवी दिली. अशा पिशव्या वाढत गेल्या. तासाभरात बाबाजींच्या दोन्ही हातांत मिळून नऊ पिशव्या झाल्या. त्यांत चकचकीत पुस्तकं, पेनं, एक टोपी. वर एका गोऱ्या बाईनं बाहुलीच्या कपात काळा काढा दिला. तो त्यांनी औषधासारखा डोळे मिटून गिळला आणि तिला हात जोडले.

इथं सेठना शारजाचा कोणी जुना दोस्त भेटला. "मैं ज़रा बैठता हूँ इनके साथ," सेठ म्हणाले. "तू देख ले. घंटे भर में बता, कौनसी लेनी है. तेरी ज़बान पर ऑर्डर दूँगा."

तासाभरात मशीन सांगायचं होतं, आणि कोणतं मशीन काय करतं हेच बाबाजींना कळलं नव्हतं. त्यातली दोन तर त्यांना एसीची युनिटं वाटली होती.

ते पाय नेतील तिकडं चालत राहिले. एका इटालियन कंपनीच्या स्टॉलवर अख्खा तक्ता कापणारं मशीन चालू होतं. तिथल्या एका सावळ्या, तरतरीत माणसानं त्यांच्या कार्डावरचं नाव वाचलं आणि एकदम मराठीत हाक मारली.

"घाडीकाका! कोकणातले का हो?"

बाबाजींना आधी बरं वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त भीती वाटली. आतापर्यंत इंग्रजी कळत नाही ही सबब होती, आता तीही गेली. हा ॲरॉन तुस्कानो, वसईचा, कंपनीचा इथला सेल्समन.

"बसा हो काका. तुमच्याकडं किचन जास्त होतात की वॉर्डरोब?"

"दोन्ही."

"कडा कशा मारता? हातानं की मशिनीवर?"

"जशी कड असेल तशी."

ॲरॉननं मान डोलावली. "खरे अनुभवी दिसता. लोकं उगाच आकडे सांगतात. बरं, शिफ्टला किती तक्ते कापता?"

"पडतील तेवढे."

"वा!" ॲरॉन म्हणाला. "आता तुम्हाला लाइव्ह कट दाखवतो." त्यानं बटण दाबलं. मशिनीनं पांढरा तक्ता आत ओढला, सूं केलं, आणि पलीकडून दोन-बाय-तीन फुटाचा तुकडा बाहेर आला. ॲरॉननं तो लग्नातल्या आहेरासारखा दोन्ही हातांनी बाबाजींच्या मांडीवर ठेवला. "हात फिरवा काका. लोणी."

आता शटरिंगच्या माणसाच्या मांडीवर चौकोन ठेवला तर तो काय करणार? पिशव्या खाली ठेवल्या, खिशातून टेप काढली. एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरली. दोन्ही मापं सारखी आली तर साचा काटकोनात. नाही आली तर साचा तिरका, आणि तिरक्या साच्यात काँक्रीट ओतलंत तर जन्मभराची तिरकी इमारत. आठ वर्षं दिवसातून शंभर वेळा केलेली गोष्ट. हात आपोआप करत होते. बाबाजींचं डोकं सेठला काय सांगावं यातच होतं.

हात थांबले तेव्हा डोकंही थांबलं. मापं सारखी नव्हती.

"एक सूत," बाबाजी पुटपुटले. म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"काय झालं?"

"काही नाही. इकडं एक सूत जास्त आहे."

"काका, ही मशीन मिलिमीटरच्या दहाव्या भागात कापते."

"असेल. माझीच टेप वाकडी असेल." बाबाजी उठायला लागले. पण ॲरॉनचं तोंड उतरलं होतं. त्यानं आपली टेप लावली. मग दुसरा तुकडा कापला, तिसरा कापला. तिसऱ्याला पाठीमागून एक इटालियन साहेब आला. त्यानं मापलं, ओरडला, कोट काढला आणि मशिनीखाली शिरला. गालिच्यावर त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. माणसं जमली. एकानं बाबाजींचा फोटो घेतला. बाबाजींची खात्री झाली की आपण काहीतरी महागाचं मोडलंय.

"मी हात नाही लावला," ते ॲरॉनला म्हणाले. "तुम्हीच माझ्या मांडीवर ठेवलात."

"काका, तुम्ही गप्प बसा," ॲरॉन कुजबुजला. "घाईत बसवताना मशिनीचा एक पाय उचललेला राहिलाय. चार दिवस शो चालू आहे, दोन हजार माणसं येऊन गेली, सगळ्यांनी लोणी लोणी म्हटलं. कोणाच्या बापानं मापलं नाही!"

नेमक्या त्या गर्दीत सेठ आले. त्यांनी मशिनीखालचे बूट बघितले, घामेजलेला ॲरॉन बघितला, आणि मधोमध टेप घेऊन उभा असलेला आपला एक्स्पर्ट बघितला. पुढचं फार झटपट झालं. सेठनं त्याच मशिनीचा भाव पाडला, बसवून द्यायचं आणि शिकवायचंही फुकट मागितलं, ॲरॉननं दोनदा "हबीबी, मर जाऊंगा" म्हटलं, आणि अखेर खलास, हात मिळाले.

परत येताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखीच गाड्यांची रांग. सेठ स्टिअरिंगवर ताल धरून गात होते. "बाबाजी, हीरा है तू! आठ साल मैंने हीरे से कीलें ठुकवाईं. जून की पहली से वर्कशॉप का इनचार्ज तू. चालीस व्हिला के वॉर्डरोब हैं, सब तू बनाएगा."

बाबाजींना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. छप्पर, पगार, वर इनचार्ज. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर त्यांना सगळ्यांत चांगलं जमायचं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं चाळीस व्हिलांत चाळीस वॉर्डरोब उभे राहिले, आणि एकाचंही दार लागेना.

"सेठ," ते म्हणाले, "मेरे को फर्निचर नहीं आता."

सेठ हसले. "मज़ाक मत कर."

"सच्ची. वो नाप शटरिंग का है. मशीन का मेरे को कुछ समझा नहीं. अभी भी नहीं समझा."

गाणं बंद झालं. पिकअप दोन हात पुढं सरकून पुन्हा थांबली.

"फिर हाथ काय को उठाया था?"

"धूप के वास्ते." आणि मग ऑगस्टचं सगळं सांगून टाकलं. स्लॅब, काळोख, डॉक्टर. आठ वर्षांत सेठशी इतकं बोलले नव्हते. बोलता बोलता सुदेशच्या शर्टाचं एक बटण तुटून डॅशबोर्डवर गेलं. सेठनं ते उचलून नुसतं हातात फिरवलं.

मुल्ला प्लाझाच्या सिग्नलला गाडी थांबली. बाबाजींनी तेवढ्यात मनातल्या मनात बॅग भरूनही घेतली.

"मेरे स्लॅब पर तू मर जाता," सेठ शेवटी म्हणाले, "तो मैं क्या बोलता तेरे घर में? पाँव फिसला?" सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले तरी त्यांनी गाडी हलवली नाही. "बनाने वाला मैं केरळ से लाता हूँ. तू बनाएगा नहीं. तू सिर्फ नापेगा. जो माल तेरी टेप से पास नहीं हुआ, वो मेरे दरवाज़े के बाहर नहीं जाएगा. और झूठ एक बार हो गया, बस. समझा?"

"नहीं," बाबाजी म्हणाले. "मतलब, मेरा काम क्या हुआ?"

"यल्ला, उतर," सेठ म्हणाले. रोल्ला आलं होतं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी बाबाजींनी गावी फोन लावला. शेजारच्यांच्या फोनवर ठकुबाईंना बोलवायचे, तेवढ्यात अर्धं कार्ड संपायचं. आम्ही बूथबाहेर रांगेत मागंच उभे होतो. कान बंद ठेवायची सोय देवानं दिलेली नाही, त्याला आमचा इलाज नाही.

"उन्हात नाय मां आता?" ठकुबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नाय गो. वर पत्रो आसा."

"आणि एसी आसा म्हणान सुदेश फोनवर सांगी होतो?"

"आसा. मशिनीच्या कॉम्प्युटराक आसा. माणसांका पंखो." मग म्हणाले, "पण कॉम्प्युटराच्या बाजूक उभ्या रवल्यार लागता वारो."

"मगे तुमी थंय करतास काय?"

गेले चार दिवस बाबाजींनाही तेच कळत नव्हतं. केरळचा कारागीर कापायचा, जोडायचा, घाम गाळायचा. आणि हे टेप घेऊन मागून जायचे आणि 'एक सूत' म्हणायचे. कारागीर त्यांच्याशी बोलायचा बंद झाला होता.

"दुसऱ्यान केल्ल्यात चूक काढतंय," ते म्हणाले.

"आणि पगार देतत?"

"देतत."



"अगो बाई," ठकुबाई म्हणाल्या, "ता तर तुमी हय फुकटच करीत होतास!"