नुसती मापं

मला इंग्रजी वाचता येतं, ही गोष्ट माझ्या लग्नाच्या वेळी कुणी विचारातसुद्धा घेतली नव्हती. वडील मी लहान असतानाच गेले. गिरगावात मामाच्या दोन खोल्यांत मी वाढले, मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचले, आणि परीक्षेच्या तोंडावर मामाने मला भोईवाड्याच्या चाळीत उजवून टाकलं. नवरा परळच्या एका गिरणीत फिटर, मूळचा मालवणकडचा, चौथी शिकलेला. निघताना मामी म्हणाली, "तुझं इंग्रजी आता चुलीत घाल." मी घातलं नाही, पण त्याचं दुसरं काय करायचं, हेही मला ठाऊक नव्हतं.

हे होते कार्डिंग खात्यात. कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते हे खातं. तिथल्या हवेत सदा तुसं उडत असतात, आणि ह्यांचं काम म्हणजे त्या मशिनी उघडायच्या, आत डोकं घालायचं आणि साफ करून पुन्हा जोडायच्या. रविवारी सुट्टी असली की माणूस छान हसायचा, बोलायचा. सोमवारी संध्याकाळी घरी यायचा तो जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. मंगळवारी थोडं कमी, बुधवारी आणखी कमी, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा छातीवर कुणी बसल्यासारखं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि म्हणाले, "गिरणी सोडा. दुसरं औषध नाही." औषध कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला त्या डॉक्टरांचा फार राग आला होता. आज वाटतं, त्या सगळ्या गोंधळात खरं बोलणारे तेवढे ते एकटेच.

मामाच्या वाडीत तळमजल्यावर एक गॅरेजवाला होता. मला परकरात असल्यापासून ओळखणारा. त्याच्याकडे मी स्वतः गेले आणि ह्यांच्यासाठी शब्द टाकला. त्याच्या अंगणात एक विलायती गाडी पडून होती. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची, शर्यतीत पळवायची असते तसली. कुणा साहेबाने देश सोडताना ती तशीच टाकली होती. दोन पावसाळे खाऊन तिचं इंजिन जाम झालं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "गिरणीचा फिटर मोटारीवर चालतो की नाही, मला काय माहीत? ही चालू करून दाखव म्हणावं. दसऱ्याला आणून उभी कर, त्याच दिवशी मिस्त्री म्हणून ठेवतो."

एवढंच होतं. गाडी चालू झाली तर गिरणी सुटणार होती.

गाडी घरी आली तीही चळवळीमुळे. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस; गिरगावात दगडफेक, अश्रुधूर, संचारबंदी. साहेबी थाटाची गाडी कुणीतरी पेटवून देईल, अशी गॅरेजवाल्याला धास्ती. "तुमच्या चाळीत ठेवा. तुम्हीच दगड मारणारे, तुमच्या घरात कोण मारणार?" असं म्हणून त्याने ती एका ट्रकला बांधून पाठवून दिली. आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात, नळ आणि तुळशीच्या मधे, ती येऊन बसली. तिच्या दाराच्या खणात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर न् अक्षर शाबूत. गाडी उघडायची कशी आणि जोडायची कशी, याचं पुस्तक.

पहिल्याच रविवारी ह्यांनी गिरणीतला आपला पाना एका नटावर लावून पाहिला. तो चपखल बसला. माणूस असा खूश झाला की काय सांगू! "पानो बसलो गो! आपलोच पानो!" गिरणीच्या मशिनी विलायतेच्या, ही गाडीही विलायतेची, सगळं एकाच घरचं, अशी त्यांची खात्री पटली. माझीही पटली.

मग आमचा संसार त्या अंगणातच सुरू झाला म्हणायचा. रविवारी सकाळी मी पाटावर पुस्तक घेऊन बसायची, शेजारी शाळेतला जुना शब्दकोश. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, ते करायचे. निघालेला प्रत्येक भाग माझ्या जुन्या लुगड्यावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा, हा त्यांचा कायदा. माझ्यासाठी कायदा एकच: "एक पण ओळ सोडू नको." एकदा मी एक शब्द अडला म्हणून अंदाजाने सांगून टाकला, तर हातातलं काम थांबवून ते माझ्याकडे बघत राहिले. मला शब्दकोश उघडावा लागला. माझ्या इंग्रजीचा असा मान त्याआधी कुणी ठेवला नव्हता, नंतरही नाही. पाच-सहा पानं वाचून उठले की मला हेडमास्तरीण झाल्यासारखं वाटायचं.

इंजिन सोडवायला आठवडाभर रॉकेल आणि तेल आत मुरत ठेवलं. व्हॉल्व्ह मी घासून बसवले, ताकाची रवी फिरवावी तशी दोन तळव्यांत काठी फिरवून. इंजिन आणि त्याचं झाकण यांच्या मधे घालायचं गॅस्केट बाजारात मिळेना, परदेशी माल येणं बंद. तर हे तांबाकाट्याच्या बाजारातून तांब्याचा पत्रा घेऊन आले, भोकं पाडली, आणि माझ्या शेगडीवर लाल करून तो मऊ केला. त्या दिवशी आमटीला तांब्याचा वास आला आणि मी कटकट केली. आता तो वास आठवला की रडू येतं, तो भाग वेगळा.

चाळीला आयतीच करमणूक. वरच्या मजल्यावरून हाक यायची, "काय ओ फिटर, आधी काय होतला? संयुक्त महाराष्ट्र की तुमची मोटार?" हे खालून सांगायचे, "मोटार! ती घेवन महाराष्ट्र आणूक जातंय!" असं मोकळं हसणं त्यांच्या छातीला त्या एकाच वर्षात परवडलं.

आता ज्या रविवारचं सांगायचं आहे तो. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते ज्या खुंट्यांवर बसतं ते स्टड. त्यातले चार गंजून असे खाल्ले गेले होते की काढताना हातात तुकडे आले. त्यांवर पिळाचे आटे होते कुठे, हेच दिसेना. नटही छिनीने फोडावे लागले. नवे चार करून घ्यायचे होते. त्याआधी पुस्तकात काही आहे का ते बघ, असं हे म्हणाले.

मी पानं उलटली. एक पान होतं, वर 'सर्वसाधारण सूचना' अशा अर्थाचं काहीतरी, खाली लांबलचक कोष्टक, इंच आणि मिलिमीटर, आणि कोष्टकाखाली बारीक अक्षरांत सात-आठ ओळी. त्याच वेळी फाटकापाशी बायका जमल्या होत्या. दुपारी बायकांचा मोर्चा होता, आणि कापडी फलक लिहायचे ते मीच. चाळीत दुसऱ्या कुणाचं अक्षर तेवढं ठसठशीत नव्हतं. "अगो, येतंस मा? रंग सुकान चल्लो!" अशा हाका चालल्या होत्या. आणि मला, खरं सांगते, त्या हाका आवडत होत्या. घरात हेडमास्तरीण आणि बाहेर पुढारीण! माणसाला दोन्हीकडून मान मिळायला लागला की तो एकीकडे डोळेझाक करतो.

मी पुस्तक मिटलं. "यात काही नाही. नुसती मापं आहेत."

"मापां?" हे म्हणाले. माझ्या हातातल्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग हसले. "मापां माका ठावक आसत. इंग्रजांचा मशीन, इंग्रजांची मापां. जा तू."

मी गेले. मोर्चा चांगला झाला. माझ्या फलकाचं कौतुक झालं.

गिरणीतल्या टर्नरने लेथवर चार स्टड करून दिले, गिरणीच्या नेहमीच्या आट्याचे. नटही गिरणीचेच. दसऱ्याच्या आधीचा रविवार उजाडला. सगळी चाळ कठड्याला टेकून उभी. पहिला स्टड पाच-सहा आटे अगदी सरळ गेला आणि मग जड झाला. "गंज असतलो भोकात," असं म्हणून ह्यांनी तेल सोडलं, पुढेमागे केलं, जोर लावला. गेला. दुसराही तसाच. तिसरा तसाच. चौथ्याला लांब दांड्याचा पाना लावला. एक बारीक आवाज झाला, सुपारी फुटावी एवढा. मला ऐकू आला. त्यांनाही आला असणार, कारण त्यांनी पाना काढून एकदा त्या जागी बोट फिरवलं. पण वरून लोक ओरडत होते, हात थांबला नाही. हेड बसलं. गॅस्केट बसलं होतंच. नट आवळून झाले, आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा मान मला दिला.

मी कळशी रिकामी केली. इंजिनाच्या धडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, कुशीवर, त्या चौथ्या स्टडच्या खाली, केसाएवढी एक रेघ ओली झाली. ह्यांनी फडक्याने ती पुसली. ती पुन्हा ओली झाली. पुन्हा पुसली. असं किती वेळा पुसलं कोण जाणे. हळूहळू कठड्यावरची माणसं आत गेली.

गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच, हे कामावर निघायच्या आत, येऊन बघून गेला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ब्लॉकला तडा गेला म्हणजे संपलं. दुसरा ब्लॉक आता विलायतेहून येणार नाही." जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने दसऱ्याला दुसरा मिस्त्री ठेवला, आणि त्याला मी दोष देत नाही.

त्याच दुपारी, हे कामावर असताना, मी ते पान काढलं आणि सात-आठ ओळी शब्दकोश घेऊन वाचल्या. अर्थ असा होता: या इंजिनाच्या नटांना नेहमीचे इंग्रजी पाने लागतील, पण त्यामुळे फसू नये, आतले आटे मिलिमीटरच्या मापाचे आहेत. दुसऱ्या आट्याचा स्टड थोडा आत जाईल आणि मग अडकेल. जोर केल्यास ब्लॉक फुटेल.

मी तीनदा वाचलं. मग पुस्तक मिटून गाडीच्या दाराच्या खणात, होतं तिथे, ठेवून दिलं. दोन दिवसांनी ट्रक आला आणि गाडीबरोबर ते गेलं. मी ते ठेवून घेऊ शकले असते. ह्यांच्यासमोर धरू शकले असते. धाडस झालं नाही, असं म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं. मला त्यांच्या डोळ्यांतली हेडमास्तरीण मोडायची नव्हती. माझा मान राहावा म्हणून मी त्यांचा घेतला.

कारण त्यांचा गेला, तो कायमचा. त्यांना वाटलं, हात चुकला. गिरणीत मशीन जोडली की तीनदा तपासायचे, तरी समाधान नाही. जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, बोलावून विचारायचे, "बघा ओ, बरोबर आसा मा?" ज्या माणसाला खातं विचारून काम करायचं, तो खात्याला विचारायला लागला. लोक म्हणू लागले, फिटरचा हात गेला. पुढे त्यांना फिटरच्या कामावरून काढून तेल घालायला ठेवलं. तेही त्याच खात्यात, त्याच तुसांत. घरातला नळ गळायला लागला तरी ते हात लावत नसत. मी शेजाऱ्यांना बोलवायची. प्रत्येक वेळी जिभेवर यायचं, आणि प्रत्येक वेळी मी भाजी ढवळायला उठायची.

महाराष्ट्र झाला. चाळीला रोषणाई झाली, पेढे वाटले. ह्यांनी खाटेवर बसूनच पेढा घेतला. तोवर सोमवारचा दम आठवडाभर पुरू लागला होता, आणि खाडे इतके झाले होते की कामावरून आज ना उद्या काढणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अशाच एका खाड्याच्या सकाळी, मी तांदूळ निवडत बसले असताना, ते उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होते. मधेच म्हणाले, "गो, त्या बुकात स्टडांबद्दल काय लिवलेला व्हता?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी सुपातून मान वर केली नाही.

"काही नव्हतं."

"काय पण नाय?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले, श्वासाची घरघर तेवढी चालू राहिली. मला वाटलं, झोप लागली. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरा झाला. बुकात असता आणि तुझ्याकडना वाचूचा ऱ्हवला असता, तर जल्मभर तुझ्या जीवाक लागला असता."

मी तांदूळ निवडत राहिले. ते गेले त्या पावसाळ्यात. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायला आता कुणी नाही.