वापरलेलं पाणी

शेजारच्या आत्या भर उन्हाळ्यातही परसात वांगी करतात. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात तेव्हा पाणी टँकरचं. त्यातलं थेंबभरही त्या थेट झाडाला घालत नाहीत. "माणसाच्या तोंडचं पाणी हाय ते. वापरून झाल्याबिगर झाडाला न्हाई," असं बजावतात. मोरीपासून वांग्यांच्या वाफ्यापर्यंत त्यांनी चर काढलाय. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी तिकडं जातं. कुणी दारात आलं की हातात तांब्या देऊन वाफ्यापाशीच नेतात. "हितं धुवा पाय."

मुलगा, सून, नातवंडं मुंबईला गेली आणि झाडं सुकायला लागली. "एकलीची भांडी ती किती पडणार," एवढंच आत्या एकदा म्हणाल्या.

परवा दुपारी मी विरजण मागायला गेले, तर त्या मोरीत बसून घरातली सगळी ताटं घासत होत्या.

"आत्या, कधी आली मंडळी?"

"कोन न्हाई आलं." त्यांनी मान वर केली नाही. "फळीवरची ताटं हायती. धूळ बसती, म्हणून काढली."

ताटांवर धुळीचा कण नव्हता. पाणी मात्र चरातून वांग्यांकडं निघालं होतं.