तासगावचा बेदाना चीनला गेला तवा

शेडमदी बेदाना निवडाय चार बाया बसल्या, की माजं तोंड आपसूक सुटतं. चीनला जाऊन आले तवा सांगाय एकच किस्सा हुता. मंग एकीनं म्हनायचं, "आक्का, त्यो चटनीचा सांगा की!" दुसरीनं म्हनायचं, "आवं न्हाई, त्यो भित्तीचा!" असं करत करत इतकं साठलं की आता माजं मलाच कळंना, खरं कुटलं आनि मी वरनं टाकल्यालं मीठ कुटलं. तुमीच चाखून बगा.

करोनाच्या आदीची गोष्ट. आमचा सतीश आनि सून मनीषा अमेरिकेत असत्यात, आता तिकडचंच झाल्यात. लय वर्सं घरात पाळना हालला न्हाई. मंग दोघांनी ठरिवलं, चीनमदनं पोरगी दत्तक घ्यायची. कागदं हालायलाच काही वर्सं गेली. शेवटी एकदाचं बोलावनं आलं, तर ही दोघंच निघाली!

मी फोनवर म्हनलं, "आरं, नुसती मुलगी बगाय गेलं तरी जीप भरून मानसं जात्यात. तुमी तर थेट घिऊनच येनार, आनि दोघंच?"

मनीषा सांगलीची, शिकल्याली. म्हनली, "अहो आई, तिथं चहा-पोहे नसतात."

म्हनलं, "म्हनून तर मी बेदाना घिऊन येती!"

झालं. अर्ध्या ब्यागंत बेदाना, अर्ध्यात कांदा-लसूण चटनी. लुगडी आपली वरनं झाकाय.

*

पोरगी ताब्यात द्यायची ती एका सरकारी हापिसात. गुबगुबीत सोफं, एसी, बाटलीतलं पानी. आमच्यासारखी अजून दोन गोरी जोडपी आल्याली. मी सोफ्यावर बसाय गेले, तर आतच चालले! कशीबशी वर आले आनि भित्तीकडंला उकिडवी बसले. शेडमदी बसती, तशी.

सतीश कानात म्हनला, "आई, वर बस की. बरं दिसत न्हाई."

म्हनलं, "मी पोरगी बगाय आलीया. मला कोन बगतंय!"

दार उघडलं. अनाथाश्रमातली एक बाई पोरीला घिऊन आली. दीड-दोन वर्साचं सोंग, डोकं भादरल्यालं, दोन्ही गाल टम्म. मनीषानं हात पसरलं. बाईनं पोरगी तिच्या मांडीवर ठिवली, आनि पोरीनं असा टाहो फोडला की हापिसातला सायेब चष्मा काढून बगाय लागला! तशीच सरकत सोफ्यावरनं खाली उतरली. समद्यांच्या पायातनं वाट काढत आली ती थेट माज्याम्होरं. आनि माज्यासारखीच उकिडवी बसली! माजा पदर मुठीत धरला, आनि गप.

सतीश हसला. मनीषा बी हसली, पन तिचं हात तसंच पसरल्यालं.

म्हनलं, "मनीषा, मनाला लावून घिऊ नगं. तिला वाटलं आसंल, मी हितलीच झाडूवाली!"

गालात काय हुतं म्हनून बगितलं, तर पावाचा तुकडा. आमच्यासंगं लिऊ नावाची गाईड पोरगी हुती. ती इंग्रजीत बोलायची, सतीश मला सांगायचा. ती म्हनली, "लय पोरांत वाढल्याली हाय. खानं गालात जपून ठिवती. कुनाला देनार न्हाई."

कागदावर मनीषानं तिचं नाव मीरा घातलं. मी दोन दिस बगितलं आनि म्हनलं, "कसली मीरा! ठकी हाय ही." तवापास्नं ठकीच.

*

बाकीची कागदं होस्तवर पंधरवडाभर त्याच शहरात ऱ्हायचं हुतं. लिऊ रोज लाल झेंडी घिऊन म्होरं, आनि आमी नि ती गोरी जोडपी मागनं. ठकी माज्या कडंवर, मनीषाकडं रिकामी बाबागाडी!

एक दिस बागंत गेलो. म्हाताऱ्या बाया रांग धरून नाचत हुत्या. आमाला बगून त्यातली एक नाच सोडून तरातरा आली. ठकीच्या पोटाला हात लावला, झबलं खाली वढलं, पायाची बोटं चाचपली, आनि मनीषाला जे सुनवाय लागली! हातवारं काय, डोळं काय! मनीषा आपली येस, येस करतीया.

लिऊ सांगाय तोंड उघडनार, तेवढ्यात मीच सांगितलं, "म्हनती, पोरीच्या पोटाला वारं लागतंय. टोपरं कुटं हाय? मोजं कुटं हायत? आजकालच्या आयांना काय म्हनून कळत न्हाई!"

लिऊ बगतच ऱ्हायली. सतीशला म्हनली, "शब्दाला शब्द बरोबर! तुमच्या आईला चिनी येतं?"

म्हनलं, "बाय, ह्ये चिनी न्हवं. ह्ये सासूचं बोलनं हाय!"

त्या म्हातारीनं आनि मी टाळी दिली. मनीषानं मातर बाबागाडीचं चाक बगितलं, काय अडाकलंय का म्हनून. काय अडाकलं न्हवतं.

*

आता चटनीचा.

तिथलं जेवान वाईट न्हवं, पन आठ दिस झालं, जिभंला काय झटका न्हाई. लिऊ रोज आमच्या टेबलाला बसायची. गोड पोरगी, पन लय शिस्तीची. म्हनलं, हिची जरा गंमत करू. पदराआड डबा उघडला आनि चमचाभर चटनी तिच्या भातावर वतली. सतीश डोळं वटारतोय. मी म्हनलं, "सांग तिला, आमच्याकडचा गोड मसाला हाय."

लिऊनं घास घेतला. चावला. मी पान्याचा गिलास हातात धरूनच बसल्याली.

तिनं दुसरा घास घेतला. मंग तिसरा. मंग डबाच आपल्याकडं वढला आनि सतीशला काय तरी म्हनली. सतीश हसाय लागला त्यो थांबंनाच.

"आरं, काय म्हनती?"

"म्हनती, तिच्या गावाकडं ह्याच्यापरीस तिखट लेकरास्नी देत्यात. पन गोड मसाला म्हनून चांगला हाय!"

राती माज्या डब्यात चटनीचा निस्ता वास उरला हुता.

*

ठकी अजून हसली न्हवती. रडायची, खायाची, माजा पदर धरून झोपायची. हसनं न्हाई. मला हसल्याबिगरचं मानूस दिसलं की हाताला खाज सुटती.

एका देवळाच्या पायरीवर बसलो हुतो. मी बेदाना काडला, तिच्या तोंडापतूर नेला, म्हनलं, "आ कर." तिनं आ केला. मी झटक्यात हात मागं घेतला, बेदाना माज्या तोंडात टाकला, आनि आंगठा नाचिवला, "ठेंगाऽऽ!"

पोरगी बगतच ऱ्हायली. मला वाटलं, आता गाव गोळा करती. तर तिनं माजं तोंड बोटानं उघडलं, आत वाकून बगितलं, आनि खीऽ करून हसली! असली हसली की गालातला भात पायरीवर!

मंग काय! दुसऱ्या दिवसापास्नं ठकीचाच धंदा सुरू. सतीशला ठेंगा. लिऊला ठेंगा. तपासायला डाक्टर आला, त्यानं आ कर म्हनून सोता आ केला, त्याला बी ठेंगा! बेदाना म्होरं करायची, आनि सोता गट्टम. एक दाना म्हनून कवा कुनाला दिला न्हाई.

आनि समद्यात जास्त ठेंगं मनीषाला. मनीषा दर खेपंला मन लावून आ करायची. दर खेपंला ठेंगा! उचलाय गेली की मातर पोरगी लाकडागत ताठ व्हायची आनि माज्याकडं हात.

मनीषा हसून म्हनायची, "आई, चांगलं शिकवलंत हं तिला!" आनि तोंड धुवाय बाथरूममदी जायाची. नळ बराच येळ चालायचा.

मला बी कळत हुतं की. कागदं झाली की मी तासगावला जानार आनि ही तिघं अमेरिकेला. तवा ठकी कुनाचा पदर धरनार? मनीषा तर प्यांट घालती!

*

त्यातच शेडवरनं व्हिडिओ कॉल आला. समद्या बाया फोनवर उपड्या पडल्याल्या. शेवंता सगळ्यात म्होरं. "आक्का, भिंत दावा! चीनची भिंत!"

आता ती भिंत हुती तिथनं लय लांब, इमानानं जायाचं. मी काय बगितली न्हवती. पन न्हाई म्हनायची माजी जात न्हाई. हाटेलाच्या मागं गाड्या लावायची जागा हुती. तिथली कंपौंडची भिंत दावली. "ही बगा!"

"बया, एवढुशी?"

"आगं, लांबनं मोटी दिसती. मी लगट उभी हाय न्हवं!"

"आनि प्लास्टर पडलंय की!"

"जुनी हाय म्हनून तर नाव हाय!"

आजून बी शेवंता लोकास्नी सांगती, चीनच्या भित्तीपरीस आमच्या शाळंची भिंत बरी.

मंग ठकी दावली. समद्यांनी फोनवरनंच बोटं मोडली, गोड हाय गोड हाय केलं. आनि शेवंता म्हनली, "आक्का, कितीला पडली ओ?"

मनीषा माज्या मागंच उभी. तिचं तोंड येवडंसं झालं.

म्हनलं, "शेवंते, माजं नाव काय गं?"

"कोंडाबाई."

"ते का पडलं?"

"आता ते समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या आदीची भावंडं जगत न्हवती. म्हनून तुमच्या आयनं तुमाला शेजारनीच्या वट्यात टाकलं, आनि सूपभर कोंडा दिऊन परत इकत घेतलं."

"मंग! मी सूपभर कोंड्याला पडली. आनि तरी तुमी समद्या रोज माज्याम्होरं बसून कान टवकारता. हिच्याबद्दल इचारायचं आसंल तर जरा उठून उभ्या ऱ्हावा!"

फोन ठिवला. मनीषानं हळूच इचारलं, "आई, खरंच विकत घेतलं होतं तुम्हाला?"

"व्हय की."

"मग तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं तर. कोंडा गव्हाचा हुता का जवारीचा, ह्ये कुनी ध्येनातच ठिवलं न्हाई!"

त्या दिवशी ती हसली. नळाबिगर.

*

आता शेवटचा. ह्यो मी समद्यांना सांगत न्हाई.

निघायच्या आदल्या दिवशी लिऊनं आमाला नदीकाठाला नेलं. बोटीतनं फिरायचं हुतं. धक्क्यावर ही गर्दी! गोरी जोडपी, त्यांची पोरं, फोटूवालं. मनीषा फोनमदी तिकिटं बगत उभी. ठकी माज्या पदराला. आनि माज्या कमरंची बेदान्याची पिशवी सुटली. सगळा बेदाना धक्क्यावर!

ती पिशवी कशी सुटली, ह्ये मला इचारू नगा. सतीश आजून इचारतो.

"आई! आता बोट सुटनार! ऱ्हाऊ दे ते!"

"ऱ्हाऊ दे कसं? तासगावचा माल हाय! माजं गुडघं आज लय धरल्यात रं. मनीषा, तूच गोळा कर की."

गुडघं धरल्यात म्हनून मी पयल्यांदाच बाकड्यावर बसले. वर. समद्यांसारखी.

मनीषा खाली वाकली. वाकून काय जमंना. बारा-तेरा वर्सं खुर्चीवर काडल्याली बाई. एक गुडघा टेकला, मंग दुसरा उचलला, कठड्याला धरलं, डुगडुगली, आनि बसली उकिडवी! एकेक दाना उचलून वंजळीत टाकाय लागली.

ठकीनं माज्याकडं बगितलं. मंग खाली बगितलं. पदर सोडला. टुकूटुकू गेली आनि मनीषाच्या म्होरं उकिडवी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिनं एक बेदाना उचलला. फू करून धूळ उडिवली. आनि मनीषाच्या तोंडाम्होरं धरला.

सतीश म्हनला, "आता ठेंगा."

लिऊ बी हसून आंगठा दावाय लागली. ती गोरी जोडपी सुदिक थांबली, त्यास्नी बी ठावं झाल्यालं.

मनीषानं तरी बी आ केला.

ठकीनं बेदाना तिच्या तोंडात घातला. बोटानं आत ढकलला. आनि हनवटीला हात लावून तोंड मिटिवलं.

बोट भोंगा वाजवाय लागली. कोन जाग्यावरनं हाललं न्हाई.

सतीश म्हनला, "मनीषा, आगं चाव की."

मनीषानं मान हालवली. न्हाई म्हनली. बेदाना तिनं गालात धरला हुता. बोटीत बसलो, नदी फिरून आलो, लिऊनं मोटमोट्या इमारती दावल्या. मनीषाच्या मांडीवर ठकी झोपली, आनि मनीषाचा गाल आपला टम्म त्यो टम्मच.

पन त्याच्या आदी, धक्क्यावरच, माजा बी धीर सुटला. म्हनलं, एवढी पंधरवडाभर कडंवर घेतल्याली, आज दान देतीया तर आपुन का मागं ऱ्हायाचं? उतरले बाकड्यावरनं, गुडघं बिडघं इसरले, आनि दोघींच्या मदी जाऊन बसले. म्हनलं, "ठके, मला गं?" आनि हा भला मोटा आ केला.

ठकीनं बेदाना निवडला. चांगला, पिवळाधम्मक. फू केलं. माज्या व्हटापतूर आनला.

आनि ठेंगा!