स्टामातानं कुंडाशी उच्चारलेलं नाव

नाक्सोस बेटावरच्या आमच्या डोंगराळ गावात नाव विकत मिळत नाही आणि मनानं ठेवताही येत नाही. ते वारशानं येतं. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, पहिली मुलगी बापाच्या आईचं, दुसरी आईच्या आईचं. माणसं जातात, नावं पुढच्या पाळण्यात येऊन निजतात. आणि प्रत्येक नाव आमच्या कानाला आपला अर्थ सांगतं. प्रोकोपिस म्हणजे प्रगती. आमचे पाद्री पापा-प्रोकोपिस घरून चर्चमध्ये पोहोचेपर्यंत मेणबत्त्या अर्ध्या जळालेल्या असत, ती गोष्ट वेगळी.

स्टामाताचं नाव मात्र कुठल्याच आजीचं नव्हतं. तिच्या आधी चार बहिणी झाल्या होत्या. दोघींना आज्यांची नावं गेली, दोघींना संतिणींची. पाचवीच्या वेळी गवंडी बाप अंगणातल्या दगडावर घराकडं पाठ करून बसला आणि म्हणाला, "स्टामाता." म्हणजे थांब. पुरे झालं. नाव ठेवलं पोरीला, पण बजावलं होतं तिच्या आईच्या कुशीला.

पुढच्या वर्षी भाऊ झाला. बापानं छपरावर चढून बंदुकीचे बार काढले. "नावानं काम केलं!" तो सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होता. त्या दिवसापासून स्टामाता शुभ ठरली. भावासाठी शुभ.

ती मोठी झाली ती मागावर. तिच्या हातची घोंगडी वाऱ्याला दाद देत नसत. लग्न फानूरिसशी झालं. तो धार लावायच्या काळ्या दगडाच्या खाणीत कामाला होता. फानूरिस म्हणजे हरवलेलं दाखवून देणारा, आणि या गृहस्थाला स्वतःची टोपी कधी सापडली नाही. ती शोधून द्यायची, तो हसायचा, असा त्यांचा संसार.

ज्यांच्या घरी मुलीमागून मुली होत ते स्टामाताकडे येत. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातात धरून नाव उच्चारणारी बाई म्हणजे नोना, त्या मुलाची धर्माची आई. नोना तूच हो, म्हणत, आणि नाव तुझंच दे. पहिल्यांदा तिला अभिमान वाटला होता. खालच्या वाडीतल्या एका पोरीला तिनं आपलं नाव दिलं. पण त्या घरात पाठोपाठ पुन्हा मुलगीच झाली.

काही वर्षांनी झऱ्यावर ती पोर घागर भरताना दिसली. तिची आई वरून ओरडत होती, "एक काम होतं तुला, एक! तेही धड जमलं नाही!" पोरीनं घागर खाली ठेवली आणि स्टामाताला हळूच विचारलं, "नोना, मी कुणाला थांबवायचं होतं?"

स्टामातानं घागर उचलून तिच्या कडेवर दिली आणि ती घरी आली. त्या दिवशी माग बंद राहिला.

आणि मग पोलिक्रोनिस आला. बटाट्याची शेती, थोड्या शेळ्या, घरात तीन मुली आणि आता चौथी. बायको अर्गिरो अजून बाळंतपणातून सावरत होती. त्यानं आणलेलं चीज टेबलावर ठेवलं.

"स्टामाता, तुझा हात लागला की मुली थांबतात म्हणे."

"माझा हात लागला की दूधही नासतं. त्याचं काय?"

"थट्टा नको गं. रविवारी ये. नाव तुझंच ठेवायचं. पापांना सांगून ठेवलंय मी."

"पोलिक्रोनिस, तुझ्या नावाचा अर्थ काय रे?"

"खूप वर्षं जगणारा. हे काय विचारणं झालं?"

"का ठेवलं ते?"

"माझ्या आधीचे दोघं गेले. आईनं मग..."

"आईनं तुझ्यासाठी आयुष्य मागितलं. तू पोरीसाठी काय मागतोयस?"

"मुलगा!"

"पोरीसाठी म्हटलं मी."

पोलिक्रोनिस उठला. "तुला यायचं नसेल तर सरळ सांग. दुसरी नोना बघतो. नाव हेच राहणार."

त्या शब्दाशी स्टामाता अडली. नाही म्हटलं तर दुसरी कुणीतरी तेच नाव उच्चारणार, आणि पोर जन्मभर ते वाहणार. ती म्हणाली, "येते."

रविवारी सकाळी खेचरावर खोगीर घालताना फानूरिस म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे ते कळलंय मला."

"कळलंय तर गप्प राहा."

"अगं, कुंबारा होणार तू त्यांची. सोयऱ्याहून घट्ट नातं ते. एकदा बिघडलं की बिघडलं. आपल्या शेताचं पाणी त्याच्या मळ्यातून येतं, विसरू नको."

"विसरले नाही," ती म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधला.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला आई चर्चमध्ये येत नाही, घरी वाट बघते. नाव आधी नोनाच्या तोंडून निघतं आणि मग आईच्या कानी पडतं. चर्च भरलं होतं. पाण्याच्या कुंडातून वाफ येत होती. तेलानं माखलेलं मूल स्टामाताच्या हातात मासळीसारखं निसटत होतं. पापा-प्रोकोपिसनी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "नाव?"

"पोथिती," स्टामाता म्हणाली.

म्हणजे हवीहवीशी. जिची आस लागली होती ती.

"चुकली ती!" पोलिक्रोनिस मागून ओरडला. "पापा, चुकली! आपलं ठरलंय वेगळं!"

पापांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा सांग, बाई."

मी बाजूच्या खांबाशीच उभा होतो. स्टामातानं निसटतं मूल छातीशी घट्ट धरलं. "पोथिती."

"पापा, मी बाप आहे तिचा!"

"तू बाप आहेस. नोना ही आहे," पापा म्हणाले. "इथं बापाला कुणी विचारत नाही. माझ्या आजीच्या बहिणीचं नाव होतं हे. गोड बाई होती." आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी घाई केली. पोलिक्रोनिस कुंडापर्यंत पोहोचायच्या आत पोर तीनदा पाण्यात बुडून वर आली होती, त्या नावासकट, किंचाळत.

आमच्या रीतीनं नोना मूल घेऊन उंबऱ्याशी गेली. अर्गिरो दारात उभी होती. धावत पुढं आलेल्या पोरांनी तिला नाव आधीच सांगितलं होतं. नोनापुढं तीनदा वाकायचं असतं. अर्गिरो एकदा वाकली आणि पुढं तिला वाकताच येईना. ती मुलीच्या ओल्या केसांत तोंड घालून म्हणत राहिली, "पोथिती. माझी पोथिती."

पोलिक्रोनिस त्या दिवशी जेवायला बसला नाही. त्या उन्हाळ्यात त्यानं पाणीही अडवलं. फानूरिस खेचरावरून पाणी आणून आपल्या बटाट्याला घालत राहिला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. टोपी तेवढी रोज शोधायला लावली.

पोर चालायला लागली आणि शेळ्यांमागं पळू लागली. संध्याकाळी तिला हाकारायचं काम बापाकडं आलं. आधी तो "ए पोरी!" म्हणून हाक मारायचा, पण त्या हाकेला मोठ्या तिघी वळून बघत आणि धाकटी वर चढतच जाई. शेवटी एका संध्याकाळी कॉफीच्या दुकानातल्या आम्हा सगळ्यांनी ऐकलं. समोरच्या उतारावरून पोलिक्रोनिस दोन्ही हात तोंडाशी धरून डोंगराला ऐकू जाईल असं ओरडत होता, "पोथिती! अगं पोथिती, घरी ये!"

पत्ते खेळणारे म्हातारे थांबले. एकानं हळूच छातीवर क्रूसाची खूण केली. दुसरा म्हणाला, "गाढवाला उशिरा अक्कल येते, पण येते." रोज संध्याकाळी ती हाक येऊ लागली, आणि कुणी न सांगता एका सकाळी स्टामाताच्या शेताच्या पाटाला पाणी आलं.

पुढच्या वसंतात अर्गिरोला पुन्हा मुलगी झाली. गावात कुजबुज सुरू झाली की आता तरी पोलिक्रोनिसला शहाणपण येईल आणि तो पोरीला थांबवणारं नाव ठेवील. मी स्टामाताच्या ओसरीवर घोंगडीचे पैसे द्यायला गेलो होतो, तेव्हा पोलिक्रोनिस आला. टोपी हातात.

"मुलगी झाली, कुंबारा."

"ऐकलं. निरोगी आहे ना?"

"अर्ध्या गावाला झोपू देत नाही, म्हणजे असेल." तो उंबऱ्याशीच उभा राहिला. "रविवारी येशील ना?"

"कुठलं नाव ठरवलंयस?"

तो टोपी फिरवत राहिला. "तू ठरव. तुला येतं ते." मग जायला वळला, पुन्हा थांबला. "फक्त तिच्या बहिणीला शोभेल असं असू दे."