दादासाठी जेट स्की बघताना

दादाने सुपरवायझरचं नाक फोडलं, त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. शिवडीला बंदराच्या बाजूच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो एकोणीस वर्षं होता. सुपरवायझर आईवरून काहीतरी बोलला आणि दादाने त्याचं तोंड लोखंडी शटरवर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा कशाला, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "पहिल्यांदा आवाज बरोबर नाय आला."

मला आश्चर्य वाटलं नाही. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही वाढलो. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वडील त्याला पट्ट्याने मारायचे आणि तो ते माझ्यावर उतरवायचा. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, ते त्याच्याच हाताचं काम, चाळीच्या जिन्यावरचं. चाळीत लोक म्हणायचे, मोठा आग आहे आणि धाकटा पाणी. मी ते खरं मानून चाललो होतो. शांत राहिलो, इंजिनं दुरुस्त करायला शिकलो आणि चिंचपोकळीला स्टेशनच्या मागे टू-व्हीलरचं छोटं गॅरेज टाकलं.

नोकरी गेल्यावर महिन्याभराने दादा गॅरेजवर आला. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून म्हणाला, "मी गावी जातोय. जेट स्की घेतो. किनाऱ्यावर पर्यटक येतात, त्यांना फिरवतो. तिथे डोक्यावर कोण साहेब नसेल."

आमचं गाव मालवणच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. परवाने काढून देणारा चुलतभाऊ तिथे होता. पण नवीन जेट स्कीची किंमत ऐकून दादाने फोनवरच समोरच्याला शिव्या घातल्या होत्या. त्याच्याकडे साडेतीन लाख होते, टेम्पोचं भाडं धरून. म्हणजे वापरलेलीच घ्यावी लागणार होती.

"इंजिन तू बघ," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

"बाकी म्हणजे?"

"विकणारा."

त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बेचाळीस वर्षांच्या वयातही मला त्याला नाही म्हणता आलं नाही.

मला मोटारसायकलचं इंजिन कळतं, पाण्यावरचं नाही. म्हणून दोन रविवार भाऊच्या धक्क्याजवळ बोटींची इंजिनं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊन बसलो. त्याने सांगितलं, "मीटरवरचे तास बघू नकोस, ते कोणीही बदलतो. तेल बघ, कम्प्रेशन बघ, मागचा पंखा बघ. आत समुद्राचं पाणी जाऊन आलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. मीठ एकदा बसलं की आतून खातच राहतं."

पहिली मशीन वरळी कोळीवाड्यात होती. एका अरुंद गल्लीत, घराच्या पडवीत, निळ्या ताडपत्रीखाली. विकणारी बाई पंचावन्नच्या आसपासची. सुके बोंबील निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली, हात पदराला पुसले आणि ताडपत्री ओढली.

रंग उडालेला होता. पुढच्या भागावर ओरखडे होते. पण माझं लक्ष सीटकडे गेलं. सीटवर वीस-पंचवीस उभ्या चिरा होत्या आणि आतला पिवळा फोम बाहेर आला होता.

"उंदरांनी कुरतडलं काय?" दादाने विचारलं.

"नाय," बाई म्हणाली. "मी. कोयत्यानं."

मग तिने न विचारता सगळं सांगितलं. मशीन तिच्या मुलाची होती. तो लोकांना फिरवायचा. एका दुपारी तो एकटाच वेगात होता आणि ॲक्सिलरेटरची वायर गंजून अडकली. वळताना तो पाण्यात पडला. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी बांधायची असते. माणूस पडला की ती मशीनमधून सुटते आणि इंजिन बंद होतं. त्याने ती बांधली नव्हती. मशीन तशीच जोरात गोल फिरून आली आणि त्याच्या छातीवरून गेली. तेवीस वर्षांचा होता.

"पोलिसांनी मशीन परत दिली त्या दिवशी मी हिला मारली," ती सीटकडे बघत म्हणाली. "हात दुखेपर्यंत मारली. रगत नाय येत हिच्यातून."

दादाचा हात हँडलवर होता. त्याने तो काढून घेतला.

मी माझं काम केलं. तेल काळपट पण स्वच्छ. तिन्ही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सारखं. पंख्याच्या कडा शाबूत. ॲक्सिलरेटरची वायर मात्र कोरी होती. ती कोणी बदलली, असं विचारलं.

"मीच बदलून घेतली. ती अडकलेली वायर घरात नको होती."

गल्लीत बाहेर आल्यावर मी दादाला म्हणालो, "इंजिन एक नंबर आहे. सीट बदलली की झालं."

"मेलेल्या पोराची गाडी?"

"दादा, आपल्या पैशात याच्यापेक्षा..."

त्याने माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर दाबलं. पाठीमागे वाळत घातलेली जाळी होती, तिच्या गाठी मानेत रुतल्या. समोर मासे साफ करणाऱ्या दोघी जणी बघत होत्या. "नको बोललो ना," तो हळू आवाजात म्हणाला. मी मान हलवली. त्याने सोडलं, माझी कॉलर सारखी केली आणि चालायला लागला.

दुसरी मशीन पुढच्या रविवारी दुपारी, शिवडीच्या एका गोदामात. विकणारा दादाच्याच वयाचा, गोड बोलणारा. त्याचा मेकॅनिक उंच, काटकुळा, तेलकट बनियनमधला. शिवाय मागे दोन हमाल पोती लावत होते. मशीन लाल-काळी, पॉलिश केलेली, सीट नवी. दादा तिच्यावर चढून बसला आणि मला त्याचा एक चेहरा दिसला जो मी कधी बघितला नव्हता. तो हसत होता. हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवत होता, जत्रेतल्या घोड्यावर बसलेल्या पोरासारखा.

"सव्वातीन," विकणारा म्हणाला. "आपके लिए."

मेकॅनिकने पाण्याचा पाइप जोडला, इंजिन चालू केलं, मग नळ सोडला. पद्धत बरोबर होती, त्याला काम येत होतं. पण पंधरा सेकंदांत मालकाने हात वर केला आणि इंजिन बंद करायला लावलं. मी तेलाची काडी काढून बघितली. तेल मधासारखं नवं होतं, जरा जास्तच नवं. मग मी तेल ओतायचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. बोटाला कॉफीवरच्या फेसासारखं काहीतरी चिकटलं. मालक म्हणाला, "गरम है, छोड़ दो." मी ऐकलं नाही, प्लग काढून दाबाचं मीटर लावलं आणि कम्प्रेशन घेतलं. दोन सिलिंडर ठीक होते. तिसऱ्याचा काटा अर्ध्यावरच थांबला.

मेकॅनिक माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं, आणि मला कळलंय हेही त्याला कळलं. त्याने नजर खाली घातली.

"दादा, उतर," मी म्हणालो. "हिच्यात समुद्राचं पाणी गेलंय."

दादा उतरला. त्याच्या तोंडावरचं हसू जायला बराच वेळ लागला. मग त्याने मशीनच्या पुढच्या भागावर बुटाने लाथ घातली. पॉलिशखालून पुट्टीचा तुकडा निखळला आणि वीतभर भेग उघडी पडली.

"अब तो लेना पड़ेगा," मालक म्हणाला. गोडवा संपला होता. एका हमालाने शटर खाली ओढलं.

पहिला हात दादानेच उचलला. मालकाच्या ओठातून रक्त आलं. पण समोर तिघं होते आणि दादा एकोणपन्नासचा. एका हमालाने लाकडी फळी त्याच्या भुवईवर मारली, तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. दोन्ही हमाल त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागले. मांसावर बूट बसल्याचा आवाज गोदामात घुमतो, पोतं टाकल्यासारखा.

मी उभा होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला बरं वाटत होतं. चार-पाच लाथांपर्यंत मी नुसता बघत राहिलो आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, अजून एक. अजून एक.

मग दादाने मला हाक मारली. आई मारायची त्या लहानपणच्या नावाने.

माझ्या पिशवीजवळ मोठा पाना होता. तो कधी उचलला ते आठवत नाही. मेकॅनिक माझ्या आणि हमालांच्या मधे आला होता, हात वर करून. त्या वर उठलेल्या हातावर मी पाना घातला. मनगट मोडल्याचं पान्यातून माझ्या हाताला कळलं. तो खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं. तो "नहीं भाई, नहीं भाई" म्हणत होता. मी मारत होतो. हमाल मागे सरले होते. मला कोणी अडवत नव्हतं, आणि मला थांबायचंही नव्हतं. वडील, दादा, चाळीचा जिना, सगळं त्या पान्यात आलं होतं, आणि समोर तो काटकुळा माणूस होता, जो मला एक शब्दही बोलला नव्हता.

मला मागून मिठी बसली. दादा रांगत आला होता. त्याचा एक डोळा रक्ताने बंद झाला होता. "बस," तो माझ्या कानात म्हणाला. "बस रे. मरेल तो."

मालकाने स्वतःच शटर वर केलं. आम्ही बाहेर पडलो.

परळच्या हॉस्पिटलात दादाच्या भुवईला नऊ टाके पडले. दोन बरगड्यांना चीर होती. जिन्यावरून पडलो, असं आम्ही सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या शर्टावरच्या रक्ताकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. आम्ही पोलिसांकडे गेलो नाही. मालकही गेला नाही. त्या मशीनचे कागद त्याने दाखवलेच नव्हते, बहुतेक ती चोरीची होती, म्हणूनच.

बाहेर बाकावर बसलो असताना दादा म्हणाला, "तो मला सोडवत होता."

"कोण?"

"ज्याला तू मारलंस. त्या दोघांना मागे ओढत होता. मी खालून बघत होतो."

मला उलटी झाली, तिथेच, कुंडीजवळ. दादाने माझ्या पाठीवर ठेवायला हात उचलला. तो हात उठलेला बघून मी अंग चोरलं, आणि ते त्याला दिसलं. त्याने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे बघत बसला.

"आज तुला बघून मला भीती वाटली," तो म्हणाला. "तुला रोज असंच वाटायचं काय?"

"हो."

टाके निघाल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "चल, वरळीला जाऊ."

बाईने त्याचा सुजलेला चेहरा बघितला. "कोणी मारलं?"

"मशीन बघायला गेलेलो," दादा म्हणाला.

तिने आणखी विचारलं नाही. तिच्या दिराने आणि आम्ही दोघांनी मशीन ढकलत पाण्यात नेली. वारा होता, लाटा उलटसुलट येत होत्या. दादाने जॅकेट घातलं. बाईने दोरी त्याच्या मनगटाला स्वतः बांधली आणि दोनदा ओढून बघितली. तो गेला. लाटेवरून मशीन उडायची आणि पुन्हा पाण्यावर आपटायची. दुखऱ्या बरगड्यांनी तो कसा बसला होता देव जाणे. तिसऱ्या फेरीला वळताना एका लाटेने त्याला उचलून बाजूला फेकलं.

इंजिन तिथल्या तिथे बंद झालं. मशीन डुलत उभी राहिली. थोड्या वेळाने दादाचं डोकं वर आलं, पाच-सहा हातांवर. बाईने माझा दंड धरला होता, तिची नखं आत गेली होती. तो पोहत मशीनपर्यंत पोचला तेव्हा तिने सोडला.

तिने सांगितलेल्या किमतीला दादाने मशीन घेतली. एरवी तो भाजीवालीशीही भांडतो. "सीट मी बदलून घेईन," तो म्हणाला.

"बदला," ती म्हणाली. "बसायला टोचेल."

मशीन टेम्पोत चढवून दोरखंडांनी बांधली. टेम्पो निघायच्या आधी ती पुढे आली आणि तळहाताने मशीनच्या बाजूवर एक जोरात फटका मारला, पोराच्या पाठीत घालतात तसा. मग वळून घरात गेली.

दादाचा आता दुसरा हंगाम चालू आहे. दोरी बांधायला नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खाली उतरवतो. एकाशी त्यावरून वाद झाला, तो माणूस अंगावर आला. दादा पाठमोरा होऊन पाण्यात चालत गेला, छातीपर्यंत, असं चुलतभावाने मला फोनवर सांगितलं. माझ्यावर त्याने त्यानंतर हात टाकलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात चिंचपोकळीच्या पुलाखाली चहा पिताना मला तो मेकॅनिक दिसला. त्याचं उजवं मनगट वाकडं जुळलं होतं. ग्लास त्याने डाव्या हातात धरला होता. त्यानेही मला ओळखलं. मला पळावंसं वाटलं. मग माफी मागायला मी ग्लास खाली ठेवला.

"मशीन लिया?" त्यानेच विचारलं.

"लिया. दूसरा."

"तीनों का कम्प्रेशन बराबर था?"

"था."

त्याने मान हलवली. मी त्याला म्हणालो, माझं गॅरेज इथेच मागे आहे, काम हवं असेल तर ये. त्याने मनगट वर करून मला दाखवलं, रागाने नाही, एखादा निकामी झालेला पार्ट दाखवावा तसं. "पाना नहीं पकड़ा जाता," तो म्हणाला, आणि उरलेला चहा संपवून पुलाकडे गेला.