जबडा पाळीसारखा घट्ट होत नाही

अर्जुनी मोरगावच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. तिथे संध्याकाळी मोबाइलवर बॉक्सिंगच्या जुन्या लढती बघणारे जमतात. या भागात बॉक्सिंग मी आणलं असं लोक मानतात, म्हणून माझ्यासाठी बाकावर जागा ठेवलेली असते. परवा तिथे वाद पेटला होता : जगातल्या थोर मिडलवेट बॉक्सरांपैकी सगळ्यात जास्त मार खाऊन उभा कोण राहिला?

“मेक्सिकोवाल्याचा जबडा म्हणजे लोहा आहे लोहा,” धानाच्या आडतीवर काम करणारा तरुण म्हणाला. “त्याले पडताना पाह्यलं काय कोणी?”

“अमेरिकावाल्यानं जड हाताचे खाल्ले बे,” दुसरा उसळला. “तुझ्यावाल्याले मारणारे कोण होते? मच्छर!”

“मंग तुझा अमेरिकावाला आखरीले खाली काऊन बसला?”

“थकला होता गा. थकणं वेगळं, पडणं वेगळं.”

एका निवृत्त शिक्षकांनी चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. ठोसा नेमका बसला होता. गाल एका बाजूला वाहून गेलेला, डोळ्यांचा नुसता पांढरा भाग दिसत होता. “पाय पाहा पाय,” ते म्हणाले. “हलले नाहीत.” शंकरपटाच्या शर्यतीत बैलाचे खूर न्याहाळावेत तसे ते त्या माणसाचे पाय न्याहाळत होते. मी चहा तसाच ठेवला.

या वादात मीही अर्धं आयुष्य घालवलं आहे. मिडलवेटचा माणूस हलक्या गटातल्यासारखा चपळ असतो आणि हाडं मोडण्याइतका जडही असतो, म्हणून मार सोसणाऱ्यांच्या कहाण्या याच गटात जास्त. कुणाची मान बैलासारखी, कुणी ठोसा येताना पाहून डोकं त्याच्याबरोबर वळवायचा. हे खरं कसब आहे, शिकवता येतं. पण टपरीवरची वाहवा त्याला नसते. डोकं वळलंच नाही, ठोसा पुरता बसला आणि तरी माणूस उभा राहिला, की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्याला ते जबडा म्हणतात. त्या क्षणी कवटीच्या आत काय तुटलं ते बोटांनी मोठं करून दिसत नाही, आणि कुणाला बघायचंही नसतं.

“अन् आपल्यावाला?” आडतीवरचा म्हणाला. “दिवाळीच्या मंडईत हात मागं बांधून उभा राहे जी. सारा गाव मारून थके, पण हा हले नाही. दारूनं खाल्लं त्याले, नाहीतर मेक्सिकोवाला याच्यासमोर काहीच नाही. सांगा ना उस्ताद, तुमचाच चेला तो.”

अशा वेळी मी आजवर नुसता हसत आलो. ते हसणं आठवलं की आता स्वतःचीच किळस येते. म्हणून लिहितो आहे.

तो मूळचा चिचगडकडचा. जंगलात मोहफुलं, तेंदूपानं गोळा करणाऱ्या घरातला, हातापायांनी मजबूत. मी नोकरीत असताना बॉक्सिंग शिकलो होतो. गावी परतल्यावर एका बंद राइस मिलच्या शेडमध्ये पोरांना शिकवायचो. तो आला आणि पहिल्याच दिवशी माझा उजवा ठोसा खाऊन नुसता हसला. मला वाटलं, सोनं सापडलं.

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाळीवर मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपायचं, धुमसाने चोपायचं, मग दुसरा थर. जितकी चोपाल तितकी पाळ घट्ट. हे मी चालायला लागल्यापासून पाहिलेलं. माणसाचं डोकंही असंच घट्ट होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. रोज सरावाच्या शेवटी मी त्याला शेडच्या मधोमध हात मागे घेऊन उभा करायचो आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याच्या जबड्यावर मारायचं. “थर बसू दे,” मी म्हणायचो. पोरं हसायची, तोही हसायचा.

लढतींत तो खरंच पडला नाही. मग दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांमध्ये त्याला बोलावणी येऊ लागली. दंडारीचं नाटक सुरू होण्याआधी तो मंचावर हात मागे बांधून उभा राहायचा, ज्याला हौस असेल त्याने वर येऊन मारायचं. शिट्ट्या, ढोल. मला हार घालायचे, कारण घडवणारा मी. त्याला ओठ पुसायला फडकं द्यायचे.

पुढे तो बोलता बोलता मध्येच थांबू लागला. जीभ जड झाली. सायकलवरून पडायचा. चालताना पाय डावीकडे जायचे. लोक म्हणाले, पितो. या भागात मोहाची दारू काही दुर्मीळ नाही, कुणालाच नवल वाटलं नाही. मी मात्र रोज त्याच्या तोंडाजवळ उभा असायचो, त्याला हातमोजे चढवायचो. कधीच वास आला नाही. मला सगळं समजलं होतं. दारू नाही म्हटलं असतं, तर मग काय, हा पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. मी तो येऊ दिला नाही.

त्याच्या बायकोने मला गाठलं. “भाऊजी, तुमचंच ऐकते तो. दर्ग्यावर शपथ घेऊन किती जणायची सुटली.” मी दोघांबरोबर आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्याला गेलो. डोंगर चढताना ती पुढे होती. त्याने माझी बाही धरली आणि अडखळत विचारलं, “उस्ताद, मी कधी पेलो जी?”

“घे रे शपथ,” मी म्हणालो. “तिच्या मनाचं समाधान.”

त्याने घेतली. मी सांगितलेलं त्याने कधी टाळलं नव्हतं. उतरताना त्याचा तोल गेला, तेव्हा खालून येणारा एक जण म्हणाला, “वा! शपथ घ्याले बी पिऊनच आला.” माझ्याकडे बघून तो डोळे मिचकावत हसला, आणि मीही हसलो. त्या दिवसापासून तो दारुडा तर झालाच, वर शपथ मोडणाराही झाला.

हे सगळं परवा मी टपरीवर मोठ्याने सांगितलं. तो कधीच प्यायला नाही, त्याला मी मोडलं, शेडमध्ये, रोज.

मग एक जण म्हणाला, “उस्ताद, आज तुमीच पेले काय?” सगळे फिदीफिदी हसले.

शिक्षक हसले नाहीत. ते विचार करत होते. “म्हणजे लढतीत खाल्ले ते वेगळे, अन् शेडमध्ये रोज खाल्ले ते वेगळे?” त्यांचे डोळे चमकले. “मंग तर मेक्सिकोवाल्याचा प्रश्नच मिटला!”

मी उठून चालू लागलो. रस्त्याच्या कडेला थुंकलो, तरी तोंडातली कडू चव गेली नाही.

तसाच त्याच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात त्याला भात भरवत होती. “कोण होय जी?” तिने विचारलं. “मी,” म्हणालो. माझा आवाज ऐकताच तो भिंतीला धरून उठला. कापणारे दोन्ही हात मागे नेले, एकमेकांत अडकवले आणि हनुवटी पुढे केली. ओठांवर भाताची शितं होती.

“बस,” मी म्हणालो. मी म्हणेपर्यंत तो बसला नसता.

“तुमी आले का असंच करते,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाले नाही करत.”

मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने भाताचं ताट खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले.

“रोज याचं तोंड हुंगलं मी,” ती म्हणाली. “तणसीच्या ढिगात दारूच्या शिशा धुंडल्या. एक बी भेटली नाही. मले वाटे, लपवाले हुशार आहे हा. पोरीच्या लग्नात याले मांडवात नाही बसू देलं मी. घरात कोंडून ठेवलं.” मग माझ्याकडे पाहिलं. “तुमाले माहीत होतं?”

“होतं.”

“मंग शपथ कायले घ्याले लावली जी?”

“माझ्यावर येऊ नये म्हणून,” मी म्हणालो.

“मले सांगून का होते?” ती म्हणाली. “न पेलेल्या दारूची शपथ तिकडं पडून आहे अन् मोडली म्हणून याचं नाव खराब आहे. जा, वापस घेऊन या.”

“मी?”

“मंग का तो चढन?”

माझे गुडघे गेलेले आहेत हे तिला ठाऊक आहे. मी ते बोललो नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघायचं ठरलं आहे. तीही येणार आहे, सोबत म्हणून नाही, तर मी काय बोलतो ते ऐकायला. “मोठ्यानं बोला,” ती म्हणाली, “चढणाऱ्या-उतरणाऱ्या साऱ्यायले आयकू गेलं पाहिजे.” आणि ताट उचलून पुन्हा त्याला भरवू लागली.