लिंक पार्टी ओके

मी लेखक नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गातल्या मुलांपेक्षा सोळा वर्षांनी मोठा आहे. बोरीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांनी वार्षिक अंकासाठी सांगितलं, "फौजी माणूस आहात. वेळेचं नियोजन आणि एकाग्रता यावर दोन पानं लिहा, मुलांना उपयोग होईल." मी तीनदा नाही म्हणालो. लिहिताना काही चुकलं, उपदेशाऐवजी भलतंच निघालं, तर माफ करा. या विषयावर माझ्याकडे एवढंच आहे.

आमची पोस्ट उत्तरेला होती. नाव लिहीत नाही. अकरा जण होतो. हिवाळ्यात वाट बंद होई, मग डाक आणि बॅटऱ्या यायला एकच मार्ग उरे. खालच्या पोस्टची माणसं अर्ध्या वाटेवर चढून येत, आमची दोन उतरत, सामान घेऊन परत येत. याला लिंक म्हणत. नियम पक्का होता. माणूस एकटा उतरणार नाही. दोघं एका दोराला बांधलेले, एकाकडे रेडिओ सेट.

०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहणं, ०७०० ला चहा, मग बर्फ आणून वितळवणं, हत्यारांची सफाई, पहाऱ्याची संत्री ड्यूटी. यातून मी रोज दीड तास काढत होतो. जवानातून ऑफिसर होण्याची परीक्षा असते, ती मला द्यायची होती. सत्तावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. माझी ही शेवटचीच संधी होती. मी उभ्याने जेवायचो. पत्ते खेळायचो नाही. घरी पत्र लिहिणं बंद केलं होतं. घड्याळात गजर लावायचा आणि तो वाजेपर्यंत वहीतून मान वर करायची नाही, असा माझा नियम होता.

लान्स नायक रामकिशन माझा बडी, म्हणजे जोडीदार होता. गाव चारठाणा, म्हणजे आमच्याच जिंतूर तालुक्यातला. बर्फ आणायची पाळी माझी असली तरी डबे तो उचलायचा. मला मास्तर म्हणायचा.

"मास्तर, सायब झाल्यावर मला वळखशील का?"

"बघू."

"बघू न्हाई. तुझ्या जिप्सीवर डायव्हर म्हणून घे मला."

"तुला गाडी कुठं येते?"

"तू सायब व्हायलास, तेव्हढ्यात मी गाडी शिकतो की. लय टाइम हाय."

लिंकची पाळी आली की माझे दोन तास जात. एकदा तोच म्हणाला, "तू बस वाचत. मी आणतो डाक." रजिस्टरमध्ये आम्ही दोघांची नावं लिहिली. मी पोस्टमागच्या खडकाआड असलेल्या रॉकेलच्या स्टोअरमध्ये वही घेऊन बसलो. सेट माझ्याकडे राहिला, कारण पोस्टवरून विचारणा झाली तर उत्तर देणारा कुणीतरी हवा. १४०० ला मी उतारावर लावलेल्या दोराच्या वरच्या टोकाशी जायचं आणि दोघांनी मिळून पोस्टमध्ये शिरायचं, असं ठरलं. तीनदा असंच केलं. काही झालं नाही.

चौथ्यांदा १२३० ला तो उतरला. परीक्षेला पाच आठवडे होते. मी त्रिकोणमिती काढली.

१३२५ ला, म्हणजे दुपारी एक पंचवीसला, खालून आवाज आला. जड काहीतरी बसल्यासारखा. असे आवाज आम्हाला रोजचे होते. लगेच सेट बोलला.

"लिंक पार्टी, पोस्ट बोलतेय. आवाज ऐकला. ओके आहात का? ओव्हर."

गणित अर्धं झालं होतं. ओके नाही म्हणालो असतो, तर रजिस्टरमधली खोटी नोंद उघडी पडली असती. मी बटण दाबलं.

"लिंक पार्टी ओके. आऊट."

मग मी गणित पूर्ण केलं. उत्तर बरोबर आलं. पुढचं घेतलं.

१४०० ला गजर वाजला. दोराच्या टोकाशी गेलो. रामकिशन नव्हता. चढायला उशीर झाला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि बारा मिनिटं थांबलो. ती मी घड्याळाकडे बघत काढली. १४१२ ला पोस्टवर जाऊन रिपोर्ट दिला.

आमचे पोस्ट कमांडर नायब सुभेदार होते, साताऱ्याकडचे. मोजकं बोलत.

"दुसरा कुठाय?"

"आला नाही, साहेब."

"ओके कुणी दिला?"

"मी, साहेब."

"कुठून?"

"स्टोअरमधून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "प्रोब काढा," एवढंच म्हणाले. प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब सळ्या.

त्या दिवशी १७३० पर्यंत शोधलं. पुढे चार दिवस शोधलं. उतारावरची अर्धी वाट नवीन बर्फाखाली गेली होती. तो सापडला नाही. खालच्या पोस्टच्या जवानाने सांगितलं, "मी विचारलं होतं, बडी कुठाय. म्हणाला, मागं हाय, बूट बांधायलाय."

चौकशीत मी खरं ते सांगितलं. शिक्षा नंतर झाली, ती भोगली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

त्याआधी रामकिशनची सामानाची काळी पेटी घरी पोचवायची होती. चौकशीला मला खाली उतरवलंच होतं, तालुक्यातला म्हणून मलाच पाठवलं. चारठाण्याला त्याची बायको दारातच बसली होती. पेटी आत ठेवली. तिने उघडली नाही.

"भाऊजी, तुमी संगं व्हते ना?"

"नव्हतो."

"मंग कुठं व्हते?"

"अभ्यास करत होतो."

तिने आत जाऊन पेटी भिंतीशी सरकवली. मग म्हणाली, "झालात का मंग सायब?"

"परीक्षा व्हायची आहे अजून."

"मंग द्या. आता तर द्याच."

परत आल्यावर मी पुन्हा वही काढली. गजर लावला. हे मी लपवत नाही. परीक्षेचं बोलावणं काही आलं नाही. परीक्षेचा दिवस ड्यूटीत गेला. पत्र डाकेत कुठेतरी अडकलं असेल, असं मी धरून चाललो.

बर्फ वितळल्यावर रामकिशन सापडला. लिंकच्या वाटेवरच्या वळणापासून फार दूर नव्हता. डाकेच्या थैलीतल्या कागदांचा लगदा झाला होता. पण त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पाकीट होतं. खालच्या पोस्टच्या जवानाला तेव्हा आठवलं. डाक घेताना रामकिशनने ते पाकीट वेगळं काढलं होतं. "मास्तरचं हाय," म्हणाला होता, "भिजाया नगं."

माझी खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. आई सांगते, मी ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत झालो, कडाक्याच्या थंडीत. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने त्याच्या आधीची एक जून लिहिली. आमच्या वर्गात निम्म्या मुलांची एक जूनच होती. मी वय परीक्षेच्या दिवसापर्यंत मोजलं होतं. सैन्यात ते ऑफिसरचा कोर्स सुरू होण्याच्या दिवसापर्यंत मोजतात.

नायब सुभेदार साहेबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि ते बाहेर गेले. कागद कोरडा होता, प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. कोर्स सुरू होण्याच्या तारखेला उमेदवाराचं वय एक महिन्याने जास्त. अर्ज परत. खाली सहीची तारीख होती. मी दिवस मोजले. रामकिशन लिंकवर उतरला, त्याच्या एकवीस दिवस आधीची.